टोडस्टूल लेदरशेजारी मिटत जाणारी ॲक्रोपोरा: टाकीतील रासायनिक स्पर्धा ओळखायची कशी?

उधाण

नमस्कार. मी हॅम्बुर्गला राहतो आणि सहा वर्षांपासून घरी 300 लिटरची खाऱ्या पाण्याची प्रवाळ-टाकी सांभाळतो आहे. गेल्या तीन महिन्यांत टाकीत जे घडले त्याच्या नोंदी माझ्याकडे तारीखवार आहेत, पण त्यांचा अर्थ मला एकट्याला लागत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

टाकीच्या मधोमध एक सार्कोफायटॉन आहे, म्हणजे आपण सगळे ज्याला टोडस्टूल लेदर म्हणतो ते छत्रीसारखे मऊ प्रवाळ. आणले तेव्हा त्याची छत्री मोठ्या नाण्याएवढी होती. आज ती जेवणाच्या ताटाएवढी झाली आहे. वेव्हमेकरचा, म्हणजे पाणी खेळते ठेवणाऱ्या पंपाचा, प्रवाह डावीकडून उजवीकडे वाहतो. लेदरच्या उजव्या अंगाला साधारण 20 सेंटिमीटरवर फांद्यांची ॲक्रोपोरा आहे, डाव्या अंगाला हॅमर कोरल आहे आणि मागच्या खडकावर सपाट मॉन्टिपोरा पसरली आहे; ही तिन्ही कठीण प्रवाळे. तीन महिन्यांपूर्वी ॲक्रोपोराचे पॉलिप, म्हणजे वसाहतीतले फुलासारखे बारीक जीव, मिटलेले दिसू लागले. मग वाढ थांबली, म्हणजे फांद्यांची जी टोके नेहमी पांढरट निळी असत ती बाकीच्या फांदीच्याच मातकट रंगाची झाली. आता मधल्या दोन फांद्यांवरचे मांस ठिपक्याठिपक्यांनी सुटते आहे. हॅमर मात्र उत्तम फुललेला आहे.

पाण्याची मापे ठीक आहेत: क्षारता 35, तापमान 25.5, अल्कलिनिटी 8.2, कॅल्शियम 420, मॅग्नेशियम 1340, नायट्रेट 5, फॉस्फेट 0.05. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवून आयसीपी तपासणीही, म्हणजे पाण्यातील मूलद्रव्यांची मोजणी, करून घेतली. तिच्यात तांबे, ॲल्युमिनियम वगैरे काहीही आक्षेपार्ह आढळले नाही.

एक गोष्ट मला सारखी खुपते आहे. हे लेदर दर पाचसहा आठवड्यांनी कात टाकते. चारपाच दिवस पॉलिप आत घेऊन ते गुळगुळीत होते, दुधावर साय धरावी तसा मेणचट पापुद्रा त्याच्यावर येतो आणि मग तो तुकड्यातुकड्यांनी निघून जातो. नोंदवही मागे चाळली तेव्हा दिसले की ॲक्रोपोराची प्रत्येक मोठी घसरण अशी कात पडल्यानंतरच्या दोनतीन दिवसांतच झालेली आहे. याला रासायनिक स्पर्धा म्हणावे का? आणि लेदर न काढता यातून वाट निघेल का?

मीठ_पस्तीस

तुमच्या नोंदी इतक्या नीट आहेत म्हणून उत्तरही सविस्तर देतो. आपल्याकडे कोणतेही प्रवाळ शेजारच्या प्रवाळामुळे खालावले की सरसकट 'केमिकल वॉर' म्हणण्याची पद्धत पडली आहे. प्रत्यक्षात शेजाऱ्याला हटवण्याचे किमान तीन वेगळे मार्ग प्रवाळांपाशी असतात आणि तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे.

पहिला मार्ग दंशाचा. हॅमर, टॉर्च, गॅलॅक्सिया यांसारखी प्रवाळे रात्री नेहमीच्या स्पर्शिकांपेक्षा कितीतरी लांब अशा खास स्पर्शिका सोडतात, ज्यांच्या टोकांवर दंशपेशी दाटीने भरलेल्या असतात. दुसरा मार्ग पचनाचा. ज्युडिथ लँग यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जमैकातील प्रवाळांवर दाखवून दिले की काही कठीण प्रवाळे आपल्या पोटातील पाचक तंतू देहाबाहेर काढतात आणि शेजाऱ्याचे मांस जागच्या जागी विरघळवतात. हे तंतू पांढऱ्या बारीक शेवयांसारखे दिसतात आणि एकदा पाहिले की विसरता येत नाहीत. तिसरा मार्ग रासायनिक, आणि तो मुख्यतः लेदरसारख्या मऊ प्रवाळांचा, कारण त्यांच्या दंशपेशी अगदीच दुबळ्या असतात.

म्हणून आधी पहिले दोन मार्ग वगळून दाखवा. टाकीचे दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी लाल प्रकाशाची विजेरी घेऊन टाकीसमोर बसा. एक रात्र पुरणार नाही, चारपाच रात्री लागतील, कारण लांब स्पर्शिका रोज बाहेर येतीलच असे नाही. हॅमरची स्पर्शिका ॲक्रोपोरापर्यंत पोहोचत असेल, तर बिचाऱ्या लेदरवर आळ घेण्याचे कारणच उरत नाही.

कातळकिनारा

मी प्राणिशास्त्र शिकवते. टाकी बाळगत नाही, पण या विषयाच्या शास्त्रीय बाजूबद्दल थोडे लिहिते.

एका सजीवाने सोडलेल्या रसायनांचा दुसऱ्याच्या वाढीवर होणारा परिणाम, या अर्थाची 'ॲलेलोपथी' ही संज्ञा हान्स मोलिश यांनी 1937 मध्ये वनस्पतींसाठी वापरली. अक्रोडाच्या झाडाखाली अनेक पिके तग धरत नाहीत, हे तिचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. प्रवाळांच्या बाबतीत मोठे काम झाले ते 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे. कोल, सामार्को, ला बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेट बॅरियर रीफवर मऊ प्रवाळांच्या वसाहती उचलून कठीण प्रवाळांच्या शेजारी नेऊन ठेवल्या आणि नंतर काय घडते ते पाहिले. 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार कठीण प्रवाळांचे मांस ठिकठिकाणी मेले, आणि काही जोड्यांत प्रत्यक्ष स्पर्श नसतानाही परिणाम दिसला. मऊ प्रवाळाभोवतीचे पाणी समुद्रातच शोषून घेऊन त्यातील रसायने वेगळी करणारे उपकरणही याच मंडळींनी तयार केले होते. ही द्रव्ये केवळ अर्क काढल्यावर मिळतात असे नसून जिवंत वसाहत ती पाण्यात सोडते, हे त्यामुळे दाखवता आले.

ही द्रव्ये बहुतांशी टर्पिन वर्गातील आहेत. कापूर आणि टर्पेंटाइन हे याच मोठ्या कुळातले. कापराच्या रेणूत कार्बनचे दहा अणू असतात. सार्कोफायटॉनमधील सार्कोफाइन किंवा सिन्युलॅरिया या दुसऱ्या मऊ प्रवाळातील फ्लेक्सिबिलाइड ही द्रव्ये वीस कार्बनी सांगाड्यावर, चौदा अणूंच्या मोठ्या कड्याभोवती रचलेली असतात. त्यांचे पहिले काम बहुधा माशांना दूर ठेवण्याचे असावे. लेदरला ना कवच, ना धड दंश, तरीही भर रीफवर ते उघड्या अंगाने उभे राहते ते या रसायनांच्या बळावर.

याच गटाने नोंदवलेली आणखी एक गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते. नेफ्थिया या मऊ प्रवाळाची वसाहत टेबलासारख्या पसरलेल्या ॲक्रोपोरावरून हळूहळू सरकत गेली आणि तिच्या वाटेवर मेलेल्या सांगाड्याचा पट्टा उरला. एका जागी रुतलेला वाटणारा जीव शेजाऱ्याच्या अंगावरून चालत जातो, हे ऐकून मुले दरवेळी स्तब्ध होतात.

तळ_आणि_तरंग

वरील माहितीचा पूर्ण आदर राखून एक शंका मांडतो. टर्पिने तेलकट असतात आणि पाण्यात फार विरघळत नाहीत. असे असताना टाकीभर पसरून ती 20 सेंटिमीटरवरच्या ॲक्रोपोराला मारतात, पण मागची मॉन्टिपोरा आणि डावीकडचा हॅमर मात्र सुखरूप राहतात, हे मला पटत नाही. संपूर्ण पाण्यातच विष भिनले असते, तर त्याची झळ थोडीफार सगळ्यांना लागायला हवी होती.

समुद्री शैवालांवरचे काम या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. डग्लस रॅशर आणि मार्क हे या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवले की काही शैवाले प्रवाळांना मारतात ती त्यांच्या पृष्ठभागावरच्या, चरबीत विरघळणाऱ्या द्रव्यांमुळे, आणि ती द्रव्ये प्रत्यक्ष स्पर्शातून पोहोचतात. जिथे शैवाल टेकले तिथेच इजा होते. याच विषयातील पुढचे काम तर विलक्षण आहे: फिजीमध्ये डिक्सन आणि मार्क हे यांना 2012 मध्ये असे आढळले की विषारी हिरवे शैवाल टेकताच ॲक्रोपोरा पाण्यात एक रासायनिक साद सोडते, आणि तिच्या फांद्यांत राहणारे गोबी मासे काही मिनिटांत येऊन ते शैवाल कुरतडून काढतात. म्हणजे पाण्यातून निरोप जातो हे खरेच आहे. पण इजा करण्यासाठी स्पर्श लागतो, निदान या उदाहरणात तरी.

लेदर शेजारी असताना ॲक्रोपोरा मेली, एवढ्यावरून लेदरनेच मारली असे ठरत नाही. आणि पाणी शुद्ध करणारा सक्रिय कार्बन (कोळसा) टाकल्यावर सुधारणा झाली तर तोही निर्णायक पुरावा मानू नका, कारण कार्बनने पाण्यातील पिवळेपणा जातो, प्रकाश खोलवर पोहोचतो, आणि तेवढ्याने चित्र बदलू शकते.

उधाण

पाच रात्री विजेरी घेऊन बसलो. हॅमरची सर्वांत लांब स्पर्शिका 11 सेंटिमीटर भरली आणि तीही प्रवाहाच्या ओढीने लेदरच्या बुंध्याकडे वळलेली होती. ॲक्रोपोरापर्यंत ती कुठल्याही रात्री गेली नाही. पाचक तंतू कुठेच दिसले नाहीत. तेव्हा पहिले दोन मार्ग मी तूर्त बाजूला ठेवतो. तळ_आणि_तरंग, तुमची शंका मला मोलाची वाटते. ती तपासायची कशी?

मीठ_पस्तीस

तपासता येईल. ॲक्रोपोराच्या निरोगी फांदीचे तीन तुकडे काढा. एक प्रवाहाच्या वरच्या अंगाला, लेदरच्या डावीकडे, त्याच खोलीवर आणि तेवढ्याच प्रकाशात लावा. दुसरा मूळ वसाहतीजवळ, खालच्या अंगाला. तिसरा कोणा मित्राच्या टाकीत, जिथे लेदर नाही. विष सगळ्या पाण्यात भिनलेले असेल तर पहिले दोन्ही तुकडे मिटतील. फक्त खालच्या अंगाचा मिटला, तर लेदरवरून वाहून येणाऱ्या कशाचा तरी तो परिणाम आहे. तिन्ही मिटले, तर दोष तुकडे काढण्यात किंवा मूळ वसाहतीतच होता. पुढची कात पडेपर्यंत कार्बन घालू नका, नाहीतर सगळेच एकात एक मिसळेल.

पाणी बदलून हे निस्तरेल असे कोणी म्हणत असेल, तर एवढा हिशेब पाहा. दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदलले आणि लेदर दर आठवड्याला ठरावीक मात्रा सोडत राहिले, तर ते द्रव्य आपोआप विघटित होत नाही असे धरल्यास साठा चढत चढत आठवड्याच्या मात्रेच्या दहापटीपर्यंत जातो. 25 टक्के बदलले तरी तो चौपटीवर स्थिरावतो. प्रत्यक्षात जीवाणू आणि स्किमर (फेसाबरोबर पाण्यातील मळ पेल्यात काढणारे यंत्र) यांमुळे आकडा खाली येत असणार, पण निव्वळ पाणी बदलणे हा सतत स्रवणाऱ्या गोष्टीवर उतारा नव्हे, हे यातून ध्यानात यावे. खुल्या समुद्रात प्रत्येक लाट नवे पाणी आणते. आपल्या टाकीत तेच 300 लिटर दिवसरात्र फिरत राहते.

शिंपला_न्यूजर्सी

माझी एक चूक सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हातून ती होणार नाही. दोन वर्षांपूर्वी माझे लेदर फार वाढले म्हणून मी ते टाकीतच, पाण्याखाली, कात्रीने छाटले. कापाच्या जागेतून दुधाळ, उग्र वासाचा चिकट स्राव निघाला आणि वेव्हमेकरने तो क्षणात सगळीकडे पसरवला. संध्याकाळपर्यंत सहा कठीण प्रवाळे मिटली होती. त्यांतली दोन पुढच्या आठवड्यात गेली. स्किमरचा पेला तीन वेळा भरून वाहिला. आता मी लेदर नेहमी बाहेर काढून, टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत कापते, दोन वेळा नव्या पाण्यात खळबळून घेते आणि स्राव थांबल्यावरच परत ठेवते. ते पाणी टाकीत परत ओतत नाही.

नवखा_रीफर

हा धागा वाचून भीती वाटू लागली आहे. माझ्या खडकांवर तपकिरी बटणांसारखे झोअँथिड, म्हणजे प्रवाळांचे मऊ नातलग, पसरले आहेत आणि तेही रासायनिक शस्त्र बाळगतात असे ऐकले. खडक बाहेर काढून उकळत्या पाण्यात टाकले तर ते जातील का?

कातळकिनारा

कृपया असे अजिबात करू नका. हे मी घाईने लिहिते आहे. तुम्ही वर्णन केलेले जीव पॅलिथोआ या प्रकारचे झोअँथिड असू शकतात आणि त्यांच्यापैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. हवाईतील माउई बेटावर हाना भागातल्या एका डबक्यातील 'घातक शेवाळ' भाल्यांच्या टोकांना लावत, अशी तिथल्या लोकांत आख्यायिका होती. त्याचा माग काढत मूर आणि शॉयर यांनी 1971 मध्ये हे विष वेगळे केले, आणि ते शेवाळ नसून पॅलिथोआ असल्याचे निघाले. पेशीतील सोडियम-पोटॅशियम पंपाला हे विष चिकटते आणि त्याचे सताड उघडे दार करून टाकते. उकळल्याने ते नाहीसे होत नाही, उलट वाफेबरोबर श्वासात जाते. 2018 मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर येथे घरची प्रवाळ-टाकी साफ करताना एक कुटुंब आणि मदतीला आलेले अग्निशामक दलाचे जवान यांना रुग्णालयात न्यावे लागले होते.

खडक उकळू नका, कोरडे घासू नका, त्यावर गरम पाण्याचा फवारा मारू नका. हातमोजे आणि चष्मा घाला, हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका. कधी खडक हाताळल्यावर तोंडाला कडवट धातूसारखी चव आली, धाप लागली किंवा ताप भरला, तर डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हे नाव आवर्जून सांगा, कारण ते आपणहून त्यांच्या मनात येण्याचा संभव कमी असतो.

आणि तुम्ही भारतात असाल तर आणखी एक. सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला किंवा रत्नागिरीच्या कातळांवर भरतीच्या डबक्यांत जे दिसते ते तिथेच पाहावे. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभे राहिले, तर हीच जागेची भांडणे फुकट बघायला मिळतात.

नवखा_रीफर

मी पुण्यात आहे. धन्यवाद, खडक जागेवरच ठेवतो. खडक देणाऱ्याने यातले काहीच सांगितले नव्हते.

उधाण

सात आठवड्यांनी परत लिहीत आहे. तुकडे लावल्यानंतर लेदरने 24 व्या दिवशी कात टाकायला सुरुवात केली. मित्राच्या टाकीतला तुकडा पहिल्यापासून उघडा राहिला आणि त्याचे टोक पांढरे झाले आहे. डावीकडचा, वरच्या अंगाचा तुकडा दोन दिवस थोडा आखडला आणि सावरला. उजवीकडचा पूर्ण मिटला, आणि त्याच्या एका बाजूचे मांस सुटले.

मी भिंग घेऊन तो तुकडा काचेतून पाहिला. लेदरच्या कातीचा नखाएवढा पारदर्शक पापुद्रा फांदीच्या बेचक्यात अडकून फडफडत होता. तीन दिवसांनी बरोबर त्याच जागी, त्याच आकाराचा पांढरा डाग होता. मग मूळ वसाहतीवरचे जुने डाग पाहिले तर ते सगळे बेचक्यांत आणि प्रवाहाकडे तोंड असलेल्या बाजूला आहेत. मागची बाजू स्वच्छ आहे. पापुद्रा अडकलाच नाही अशी जागा म्हणजे मॉन्टिपोरा, कारण ती सपाट आहे. आणि हॅमर तर वरच्या अंगाला आहे.

तळ_आणि_तरंग

म्हणजे स्पर्शच, पण लांबून आलेला. लेदर स्वतः हलले नाही, त्याचे कातडे ॲक्रोपोराला जाऊन चिकटले. मी पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्याचा विचार करत राहिलो आणि न विरघळणारे द्रव्य पापुद्र्यावर बसून प्रवास करू शकते, हे माझ्या लक्षात आले नाही. तरी दोन मुद्दे नोंदवून ठेवतो: पापुद्र्याखाली पाणी कोंडून किंवा जीवाणू साठूनही मांस मरू शकते, आणि वरच्या अंगाचा तुकडा आखडला याचा अर्थ पाण्यात थोडे काहीतरी पसरतेही. कार्बनला त्यामुळे काम उरतेच.

मीठ_पस्तीस

मान्य. आता कार्बन सुरू करा, पण एकदम नको. पहिल्या आठवड्यात ठरवलेल्या मात्रेच्या एक तृतीयांश, म्हणजे पाणी हळूहळू नितळेल आणि प्रकाशाचा धक्का बसणार नाही. आरओच्या पाण्यात धूळ जाईपर्यंत धुवा, मंद प्रवाहाच्या रिॲक्टरमध्ये (ज्यातून टाकीचे पाणी फिरते त्या नळकांड्यात) ठेवा, तीन आठवड्यांनी बदला. मात्र पापुद्रा कार्बनच्या हाती लागणार नाही. त्यासाठी कात सुटायच्या दिवसांत तुम्हालाच नळी घेऊन उभे राहावे लागेल.

उधाण

तसेच केले. लेदरचा खडक उचलून टाकीच्या उजव्या टोकाला, पाणी बाहेर पडण्याच्या ओव्हरफ्लोच्या जाळीजवळ नेला, त्यामुळे आता त्याच्यावरून जाणारे पाणी थेट सम्पमधल्या (खालच्या गाळण-टाकीतल्या) फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे गाळणीच्या कापडी पिशवीत, पडते. परवा त्याने पुन्हा कात टाकली. सकाळ-संध्याकाळ पातळ नळीने पापुद्रे ओढून घेतले. सॉक उलटा केला तर आत कांद्याच्या पातीवरच्या पापुद्र्यासारखे ओलसर, पिवळट तुकडे जमलेले होते आणि त्यांना तोच उग्र वास होता. ॲक्रोपोराच्या मेलेल्या दोन फांद्या मी काढून टाकल्या. उरलेल्या चारपैकी तिघींचे पॉलिप आज दुपारी, लेदर अजून मिटलेले असताना, बाहेर होते. चौथीची नोंद पुढच्या आठवड्यात टाकतो.